पुसला तरी दरवर्षी परत येणारा पांढरा थर : संग्रहालयातील जुन्या वस्त्रांच्या एका तक्रारीचे निदान आणि उपाय

तक्रार नेहमी सारखीच असते. भांडारातले कपाट उघडावे आणि गेल्या वर्षी स्वच्छ करून ठेवलेल्या लुगड्यावर, शेल्यावर किंवा झुलीवर कोणी पीठ भुरभुरावे तसा पांढरट थर दिसावा. ब्रशने झाडला की तो जातो आणि वर्ष सरता सरता त्याच घडीवर, त्याच काठाशी पुन्हा हजर होतो. नागपुरातील आणि आसपासच्या लहान संग्रहांत वस्त्रांचे काम करताना ही तक्रार मला वारंवार भेटली आहे, आणि तिच्यावरचे उत्तरही ठरलेले असते, की ही बुरशी आहे आणि पावसाळ्यात ती यायचीच. हे उत्तर पुष्कळदा चुकीचे किंवा अर्धेच बरोबर असते. त्या अर्ध्या उत्तराच्या भरवशावर दरवर्षी झाडणे, पुसणे आणि ऊन दाखवणे चालू राहते, आणि शंभर वर्षे टिकलेले कापड या देखभालीनेच दहा वर्षांत विरते. म्हणून वस्त्राला हात लावण्याआधी काय काय तपासावे, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

ज्या प्रकरणातून मी स्वतः हे शिकले ते आधी सांगते. शहरातील एका लहान संग्रहालयात दोन वस्त्रांची तक्रार होती. एक होते गर्द निळे सुती नऊवारी लुगडे, लाल रेशमी काठाचे. दुसरी होती मखमलीवर जरीकाम केलेली घोड्याची झूल, तिला आतून जाड सुती अस्तर. दोन्ही एकाच लोखंडी कपाटात, वरच्या आणि खालच्या फळीवर ठेवलेली होती आणि दोन्हींवर पांढरा थर येत होता. नोंदवहीत सलग चार वर्षे एकच वाक्य होते : ‘बुरशी आढळली, ब्रशने साफ केली, डांबराच्या गोळ्या ठेवल्या.’ तारखा मात्र पाहण्यासारख्या होत्या. झुलीच्या नोंदी ऑगस्टच्या, लुगड्याच्या मात्र मे महिन्याच्या अखेरीच्या. भांडाराची किल्ली सांभाळणारे वयस्क काका मला म्हणाले, “मॅडम, लुगड्यावरचं हे पांढरं तर पाऊस लागायच्या आधीच येते. नवतपा लागला की पाहून घ्या.” नागपुरात नवतपा म्हणजे मे अखेरचे ते नऊ दिवस, जेव्हा बाहेरची हवा भाजून काढते आणि सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवा जितके बाष्प धरू शकते त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे ते प्रमाण, कित्येक दुपारी वीस टक्क्यांच्याही खाली जाते. अशा हवेत बुरशी कशी येईल? सापेक्ष आर्द्रता सलग काही दिवस ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिल्याशिवाय बुरशीचे बीजाणू सहसा रुजतच नाहीत. तेव्हा एक तर कपाटातली हवा बाहेरच्या हवेसारखी नव्हती, किंवा तो थर बुरशीचा नव्हता. पुढे कळले की दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

पहिली सूचना हीच, की थर दिसल्याबरोबर ब्रश उचलू नये. आधी वस्त्र आहे त्या घडीत, आहे त्या जागी, तिरक्या प्रकाशात टिपून घ्यावे. थर कोणत्या फळीवर आहे, घडीच्या वरच्या अंगाला आहे की आतल्या, कपाटाच्या पाठीकडे आहे की दाराकडे, आणि जरीच्या किती जवळ आहे, हे कागदावर आकृती काढून लिहावे. वरून पडलेली वस्तू घडीच्या वरच्या अंगावरच सापडते. आतून उगवलेली वस्तू घडीच्या आतही सापडते, किंबहुना तेथे जास्त सापडते. आमच्या लुगड्यावर थर फक्त दाराकडच्या बाजूला आणि वरच्या अंगावर होता. झुलीवर तो अस्तराच्या बाजूने, कपाटाच्या पाठीला टेकलेल्या कोपऱ्यात होता. ही एवढी आकृती सफाईच्या पहिल्याच वर्षी काढली असती, तर पुढची तीन वर्षे वाचली असती.

यानंतर थराची ओळख पटवायची. ही ओळख वस्त्रावर कधीही करू नये. मऊ ब्रशच्या टोकाने चिमूटभर कण काचपट्टीवर घ्यावेत आणि पुढचे सगळे काचेवर करावे. साधे दहापट दाखवणारे भिंग पुरते. बुरशी भिंगाखाली कोळ्याच्या जाळ्यासारखी, गुंतलेल्या तंतूंची दिसते आणि वस्त्रावर तिचे ठिपके बहुधा गोलाकार पसरलेले असतात. क्षार असेल तर कण सुटे, टोकदार किंवा खडबडीत दिसतात. अशा कणांवर पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब टाकावा. बुडबुडे आले तर तो कॅल्शियम कार्बोनेट आहे, म्हणजे जड पाण्याचा साका किंवा छताच्या चुन्याची पूड. या दोहोंत फरक करायचा तर मान वर करून छताकडे पाहावे, कारण पोपडे सुटलेले छत लगेच नजरेत भरते. कण पाण्याच्या थेंबात मुकाट्याने विरघळला, तर तो मिठासारखा विद्राव्य क्षार समजावा. तिसरी शक्यता खळीची. जुन्या सुती वस्त्रांना आणि विशेषतः अस्तरांना खळ घातलेली असते, आणि ती वाळून, तडकून पिठासारखी गळते. वेगळ्या काचपट्टीवरच्या कणांवर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला आणि कण काळसर निळा झाला, तर तो स्टार्च आहे. चौथी शक्यता बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. बंद कपाटात ठेवलेल्या डांबराच्या गोळ्यांची वाफ होते आणि ती थंड पृष्ठभागावर पुन्हा स्फटिक होऊन बसते. असे चकचकीत पापुद्रे काचेवर हवेशीर ठेवले की काही दिवसांत आपोआप नाहीसे होतात. ज्याला बुरशी म्हणून वर्षानुवर्षे गोळ्यांचा उपाय केला, तो थर गोळ्यांचाच निघाल्याचे मी पाहिले आहे.

जरीपाशी हिरवट ठिपके दिसले तर तेही बुरशीच्या खात्यात टाकू नयेत. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची चपटी तार. चांदीत तांब्याचा अंश असतो, आणि हलक्या जरीत तर मूळ तारच तांब्याची असते. दमट हवेत आणि आम्लाच्या सान्निध्यात हे तांबे हिरवे होते. तो धातूचा गंज आहे, तो झाडून जात नाही आणि घासल्यास तार तुटते.

आमच्या दोन वस्त्रांची काचपट्टी दोन वेगळी उत्तरे देऊन गेली. लुगड्यावरचे कण व्हिनेगरमध्ये फसफसले. छत धडधाकट होते. झुलीवरचे कण भिंगाखाली तंतूंचे दिसले, आणि त्यांच्यात मिसळलेले काही पापुद्रे आयोडीनने निळे झाले. म्हणजे एकाच कपाटात, एकाच रंगाचे आणि एकाच नावाने नोंदवलेले दोन निराळे त्रास नांदत होते, आणि दोघांवर एकच इलाज चालला होता.

लुगड्याचा क्षार आला कोठून, याचे उत्तर नागपूरकराला कूलर म्हटल्यावर समजेल. भांडाराला लागून कर्मचाऱ्यांची खोली होती, तिच्या खिडकीत मोठा कूलर होता आणि भांडाराचे दार उन्हाळ्यात ‘आत थोडी हवा जावी’ म्हणून उघडे ठेवले जात असे. कूलरमध्ये बोअरचे पाणी भरले जाई. टाकीच्या काठावर आणि गवतावर पांढरा साका जमलेला स्पष्ट दिसत होता. गवत जुने झाले की पंखा पाण्याचे बारीक तुषार फेकतो, तुषारातले पाणी वाटेत उडून जाते आणि क्षाराचा कण तेवढा पुढे जाऊन बसतो. दाराकडच्या फळीवर, घडीच्या वरच्या अंगावर हा साका वर्षानुवर्षे पडत होता. कपाटाचे दार नीट बसत नव्हते, आणि उन्हाळ्यात ते उघडझाप करताना तासन्‌तास उघडे राहत होते.

क्षारापेक्षाही कूलरचा दुसरा परिणाम मला अधिक गंभीर वाटतो. बाहेर ४४ अंश तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत सुमारे ९ ग्रॅम बाष्प असते. तीच हवा कूलरमधून २८ अंशांना आणि ७० टक्के आर्द्रतेला आत आली, तर तिच्यात सुमारे १९ ग्रॅम बाष्प असते. कार्यालय सुरू असेपर्यंत वस्त्र या ओल्या हवेत असते. सायंकाळी कूलर बंद होतो, खिडक्यांतून कोरडी उष्ण हवा आत येते आणि पहाटेपर्यंत आर्द्रता पुन्हा खाली जाते. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला सुती धाग्यात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के आणि रेशमात सुमारे ११ टक्के पाणी असते. हवा कोरडी झाली की हे पाणी निघून जाते आणि धागा आकसतो. चांदीची तार मात्र ना फुगते ना आकसते. मार्चपासून जूनपर्यंत रोज एकदा फुगणारे आणि एकदा आकसणारे कापड न हलणाऱ्या जरीला किंवा वेगळ्या गतीने हलणाऱ्या रेशमी काठाला जोडलेले असेल, तर काठ चुणतो, घडीवर रेशीम तडकते आणि शेवटी काठ अंगापासून सुटतो. लुगड्याचा काठ दोन ठिकाणी असाच सुटला होता आणि तो ‘जुना झाल्यामुळे फाटला’ अशी नोंद होती. शिवाय उन्हाळ्याच्या सुरुवातीला कूलरचा जो कुबट वास सगळ्यांच्या परिचयाचा आहे, तो सडलेल्या गवतातील सूक्ष्मजीवांचा असतो. त्यांचे बीजाणू भांडारात पेरून ठेवले, की पुढचे काम पावसाळा करतो.

म्हणून भांडारात किंवा त्याला उघड्या दाराने जोडलेल्या खोलीत कूलर असता कामा नये, याबाबत मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. उन्हाळ्यात माणसांना गारवा हवाच, पण त्यासाठी मधले दार बंद ठेवून त्याच्या फटींना पट्ट्या लावाव्यात आणि भांडारात काम करण्याच्या वेळा सकाळच्या ठराव्यात. भांडार थोडे गरम राहिले तरी चालते. तापमान पाच अंशांनी जास्त असण्यापेक्षा आर्द्रता रोज पन्नास टक्क्यांनी वरखाली होणे वस्त्राला फार जड जाते.

हे सगळे तर्काने न ठरवता मोजून ठरवावे. सीताबर्डीच्या बाजारात मिळणारा साधा डिजिटल आर्द्रतामापकही चालतो, मात्र त्याची परीक्षा घेतल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन ते लगद्यासारखे ओले होईल इतकेच पाणी घालावे, झाकण आणि मापक एका घट्ट बंद पिशवीत शेजारी ठेवावेत आणि आठ ते दहा तासांनी आकडा वाचावा. संपृक्त मिठावरच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के असते. मापक ८० दाखवत असेल तर तो पाच टक्के जास्त दाखवतो, हे त्याच्या पाठीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवावे. एक मापक खोलीत, एक कपाटाच्या आत पाठीच्या बाजूला, आणि वाचन दिवसातून तीनदा. त्यांत रात्रीचे एक वाचन असायलाच हवे, कारण अनेक बिघाड कार्यालय बंद असतानाच घडतात. आकडे आपोआप साठवणारे उपकरण परवडत असेल तर फारच चांगले.

आता झुलीकडे वळू. तेथे बुरशी खरी होती, पण ती दरवर्षी त्याच कोपऱ्यात का येत होती? अस्तर मूळ झुलीइतके जुने नव्हते, नंतर कोणीतरी डागडुजी म्हणून लावलेले गिरणीचे कापड होते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली नागपुरात सुरू झाली आणि पुढे हातमागाच्या जाड्याभरड्या कापडाची जागा घराघरांत गिरणीच्या कापडाने घेतली. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या वस्त्रांना मागाहून लावलेली अस्तरे बहुधा गिरणीचीच आढळतात. अशा कापडात कारखान्यातली खळ असते, आणि डागडुजी करणाऱ्याने ते मखमलीला टाके घालण्याआधी पिठाच्या खळीने चिकटवलेले असते. ही खळ म्हणजे बुरशीसाठी आणि कसरीसाठी वाढून ठेवलेले ताट आहे. त्यातच कपाट बाहेरच्या भिंतीला अगदी टेकवलेले, आणि त्या भिंतीला पावसाळ्यात ओल. लोखंडी पाठ थंड राही आणि तिच्यामागे हवा हलतच नसे.

शिवाय येथे एअर कंडिशनरची भर पडली होती. पावसाळ्यात भांडारातला एअर कंडिशनर सकाळी दहाला सुरू आणि सायंकाळी पाचला बंद होत असे. काळजी घेतल्याचे समाधान त्यातून मिळे, पण परिणाम उलटा होत होता. ऑगस्टच्या एखाद्या दिवशी बाहेर २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत सुमारे २२ ग्रॅम बाष्प असते. २२ अंशांची हवा १९ ग्रॅमांच्या थोडे पुढपर्यंतच बाष्प धरू शकते. दिवसभरात २२ अंशांपर्यंत गार झालेल्या कपाटाला पाचनंतर बाहेरून शिरणाऱ्या हवेने स्पर्श केला, की जास्तीचे पाणी लोखंडाच्या आतल्या अंगावर दव होऊन बसते. एका सायंकाळी साडेसातला मी मुद्दाम थांबून कपाटाच्या पाठीवर आतून हात फिरवला, तेव्हा बोटे ओली झाली. सकाळी साडेदहाला तीच पाठ कोरडी होती, त्यामुळे दिवसा पाहणाऱ्याला काहीच दिसत नव्हते.

उपाय साधेच निघाले, पण ते सगळे एकत्र करावे लागले. एअर कंडिशनर बंद ठेवला. त्याऐवजी हवेतील ओल काढणारे यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत चोवीस तास चालू ठेवले, आणि त्याचे पाणी बादलीत न साठवता नळीने थेट बाहेर सोडले, कारण बादली भरली की यंत्र थांबते आणि ती नेमकी शनिवारी रात्री भरते. कपाट भिंतीपासून पंधरा सेंटीमीटर पुढे ओढले आणि जमिनीपासून तितकेच उचलले. भिंतीची ओल हे बांधकामाचे काम होते, ते पावसाळा संपल्यावर बाहेरून गिलावा दुरुस्त करून झाले. लक्ष्य आकड्यांत सांगायचे तर ४५ ते ५५ टक्के आर्द्रता उत्तम. नागपूरच्या हवेत वर्षभर ते सांभाळणे अवघड जाते, आणि तेव्हा पावसाळ्यात ६० च्या खाली व उन्हाळ्यात ३० च्या वर, तेही हळूहळू बदलत, एवढे साधले तरी मी समाधानी असते.

सिलिका जेलविषयी एक गैरसमज येथेच दूर करते. कपाटात शंभर ग्रॅमच्या चार पुड्या ठेवून काहीही होत नाही. बंद पेटीची आर्द्रता स्थिर ठेवायची तर एका घनमीटर पोकळीला सुमारे २० किलो सिलिका जेल, असा जुना आणि मान्य आडाखा आहे. नेहमीच्या लोखंडी कपाटाची पोकळी पाऊण घनमीटरच्या पुढेच असते, आणि फटी असलेल्या कपाटात वीस किलोही लवकरच थकतात. छोट्या, घट्ट झाकणाच्या खोक्यात सिलिका जेल जरूर वापरावे, पण मोठ्या कपाटाची मदार त्यावर ठेवू नये.

हवा ताब्यात आल्यावरच सफाई करावी. ओलसर बुरशीवर ब्रश फिरवला तर तंतू धाग्यांत चोळले जातात आणि डाग कायमचा होतो. वस्त्र आधी वेगळ्या खोलीत, सपाट, आम्लरहित कागदावर पसरून आर्द्रता हळूहळू पन्नासच्या आसपास आणावी. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये. आठवडाभरात बुरशी निपचित पडून भुकटीसारखी होते. मग एन ९५ मास्क आणि हातमोजे घालून, हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म कणही अडवणारी गाळणी) असलेल्या आणि ओढ कमी करता येणाऱ्या व्हॅक्यूमने काम करावे. वस्त्रावर मऊ नायलॉनची जाळी, कडा फितीने शिवून घेतलेली, पसरावी आणि नळीचे तोंड जाळीच्या किंचित वर धरून ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, दिशेने सरकवावे. ते घासू नये. जेथे जर सुटलेली आहे तेथे नळी न नेता, मऊ ब्रशने कण नळीकडे ढकलावेत. लुगड्यावरचा क्षारही याच पद्धतीने, एकही थेंब पाणी न वापरता, बराचसा निघाला. झुलीचे अस्तर मात्र आम्ही काढले नाही. ती नंतरची डागडुजी असली तरी झुलीच्या आयुष्याचा भाग आहे, आणि मखमल तिच्याच आधाराने टिकून आहे.

बुरशीचे तपकिरी डाग उरतील. ते राहू द्यावेत. ते काढण्याच्या हट्टातूनच ‘एकदा धुऊनच काढू’ हा विचार येतो, आणि धुणे परत फिरवता येत नाही. लुगड्याच्या लाल काठाचे उदाहरण पुरेसे आहे. १८५६ साली पहिला कृत्रिम जांभळा रंग निघाला आणि त्यानंतरच्या काही दशकांत कृत्रिम लाल, गुलाबी रंग बाजारात भराभर आले. त्यांतले काही सुरुवातीचे रंग पाण्याला अजिबात टिकत नाहीत. आल या झाडाच्या मुळाचा, तुरटी देऊन बसवलेला लाल रंग त्यामानाने पक्का असतो. नुसत्या डोळ्यांनी दोघांतला फरक कळत नाही. म्हणून प्रत्येक रंगावर, आडबाजूला, विआयनित, म्हणजे क्षार काढून टाकलेल्या, पाण्याचा एक थेंब टाकून वर टीपकागद आणि छोटे वजन काही मिनिटे ठेवावे. हीच परीक्षा वापरायच्या साबणद्रावणानेही करावी, कारण पाण्यात न उतरणारा रंग द्रावणात उतरू शकतो. टीपकागदावर किंचितही छटा आली तर विषय संपला. आली नाही तरी ओल्या सफाईचा निर्णय प्रशिक्षित वस्त्रसंवर्धकानेच घ्यावा. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र यांना छायाचित्रांसह पत्र लिहून सल्ला मागणे, हे घाईने टब भरण्यापेक्षा केव्हाही बरे.

घरगुती उपायांबद्दल मला आदर आहे, कारण ज्या घरांनी ही वस्त्रे आपल्यापर्यंत पोचवली ती याच उपायांवर चालली. पण सगळेच भांडारात आणता येत नाहीत. कपड्यांना ऊन दाखवण्याची पद्धत रोजच्या वापराच्या कपड्यांसाठी योग्य असली, तरी प्रकाशाचे नुकसान साठत जाते आणि भरून येत नाही. दालनात आपण वस्त्रांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश पडू देत नाही, आणि नागपूरचे भर दुपारचे ऊन त्याच्या हजारपटींहून अधिक असते. कडुलिंबाचा पाला वस्त्राला लागून ठेवला तर त्याचा डाग पडतो, आणि तो नीट वाळलेला नसेल तर स्वतःच बुरशी घेऊन येतो. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात, वस्त्रापासून दूर ठेवायला माझी हरकत नाही, पण ती कीटकांसाठी आहे, बुरशीसाठी नाही. रिठ्याच्या पाण्याची तीव्रता दर खेपेला वेगळी असते आणि त्याचा पिवळट अंश मागे राहतो. चांदी उजळवण्याचे द्रावण, चिंच, दंतमंजन यांपैकी काहीही जरीला लावू नये, कारण मुलामा निघतो आणि द्रावण आतल्या रेशमात मुरून नंतर त्याला खाते. डांबराच्या गोळ्या तर काढूनच टाकाव्यात. त्यांची वाफ रोज कपाट उघडणाऱ्या माणसाच्या छातीत जाते, याचा विचार कोणी करत नाही.

कसर, म्हणजे ती चंदेरी किड, किंवा लोकर खाणाऱ्या अळ्या सापडल्या तर तो निराळा विषय आहे. वस्त्र पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांवर एक आठवडा ठेवणे आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी न उघडणे, ही त्याची पद्धत आहे. बुरशीचे बीजाणू मात्र गोठवल्याने मरत नाहीत.

परत ठेवताना एक चूक बहुतेक जण करतात. वस्त्र गुंडाळायला नवा मांजरपाट आणून तसाच वापरतात. कोऱ्या मांजरपाटात खळ असते, म्हणजे काढलेला खाऊ आपण पुन्हा आत ठेवतो. तो गरम पाण्यात दोनतीनदा, साबण न घालता, धुवून वाळवून मगच वापरावा, आणि वाळल्यावर एका कोपऱ्याचा धागा काढून त्यावर आयोडीनचा थेंब टाकून पाहावा. निळा झाला तर पुन्हा धुवावा. लाल कापडाच्या बासनात जुन्या वस्तू बांधण्याची रीत पोथ्यांमुळे सर्वत्र आहे. वस्त्रांसाठी मात्र पांढरेच कापड घ्यावे. लुगडे आम्ही घडी मोडून, आम्लरहित कागद गुंडाळलेल्या रुंद नळीवर सैलसर गुंडाळले. रेशमी काठामुळे कागद अल्काची, म्हणजे आम्ल मारणाऱ्या पदार्थाची, भर न घातलेला निवडला. झूल जाड असल्याने सपाट ठेवली.

शेवटची गोष्ट पुढच्या वर्षासाठी. आम्ही नव्या मांजरपाटाचे, मुद्दाम न धुतलेले, बोटभर लांबीचे सहा तुकडे कापले आणि भाताची पेज लावून वाळवले. मग ते कपाटाच्या आत, वस्त्रांपासून दूर, चारही कोपऱ्यांत आणि पाठीच्या मध्यावर वर आणि खाली दोऱ्याने टांगले, प्रत्येकावर क्रमांक घालून. बुरशीला पोषक हवा झाली तर ती आधी या तुकड्यांवर दिसावी, हा हेतू. दर सोमवारी काका भिंगाने सहाही तुकडे पाहतात आणि वहीत खूण करतात. पहिला पावसाळा जवळजवळ कोरा गेला. ऑगस्टच्या तिसऱ्या सोमवारी पाच क्रमांकाच्या तुकड्यावर, पाठीच्या बाजूला खालच्या डाव्या कोपऱ्यात, मोहरीएवढा एक पांढरा ठिपका दिसला. काकांनी कपाट न हलवता टॉर्च घेऊन मागे वाकून पाहिले, तेव्हा डीह्युमिडिफायरची नळी सांध्यात सैल झालेली आणि फरशीवर तळहाताएवढे पाणी साचलेले आढळले. सांधा घट्ट केला, फरशी पुसली, तुकडा बदलला, आणि झुलीच्या त्याच कोपऱ्यावर भिंग फिरवून पाहिले. तेथे काहीही नव्हते.